लाल न ओळखणारी फिल्म

कार्तिक वद्य द्वितीया, दुसरं महायुद्ध संपलं त्या साली. स्थळ अमरावती, अंबागेटच्या आतलं आमचं भाड्याचं घर. हजर मंडळी: बाबा, त्यांची थोरली बहीण आत्याबाई, अकोल्याहून आदल्या संध्याकाळी आलेले मामा, त्यांच्यासोबत आलेली त्यांची धाकटी बहीण गोदामावशी, दीड वर्षाचा बाळू, आणि मी, कुमुद, वय पंधरा. समोरचं दार भर दुपारी आतून लावलेलं होतं आणि शेजारी सांगून ठेवलं होतं की आज ताक न्यायला कोणी येऊ नका, घरात पाहुणे आहेत. त्या दिवशी आम्हाला आईचा फोटो काढायचा होता. आई आदल्या पौषात गेली होती.

वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून क्रमानं सांगते. आमच्याकडे माणूस गेलं आणि त्याचा फोटो नसला, तर चेहऱ्यामोहऱ्यानं जवळचं कोणी तरी त्याचे कपडे अंगावर घालून बसे, आणि तो फोटो गेलेल्या माणसाचा म्हणून भिंतीवर लावत. त्यात कोणाला वावगं वाटत नसे. अंजनगावला काकांच्या घरी आजोबांचा म्हणून जो फोटो होता तो खरं तर मधल्या काकांचा होता. फेटा आणि काठी तेवढी आजोबांची. श्राद्धाला पाटावर तो फोटो मांडला की मधले काका स्वतःच्याच पाया पडत, आणि हसायचं कोणाला सुचत नसे.

आईचा फोटो नव्हता याचं कारण घरात कॅमेरा नव्हता हे नाही. कॅमेरा होता. बाबा शाळेत चित्रकलेचे मास्तर. चिखलदऱ्याला एक गोरा जंगल-अधिकारी विलायतेला परत जाताना सामान विकून गेला, त्यात बाबांनी तो घेतला होता: घडीचा, काळ्या चामड्याच्या भात्याचा, उघडला की पितळी पट्ट्यांवर पुढे सरकणारा. त्यातून मोठ्या पोस्टकार्डाएवढे फोटो निघत. फिल्म महाग, म्हणून ती चांगल्या प्रसंगासाठी राखून ठेवायची असा घरात नियम होता. चांगला प्रसंग आला की पंगत असे, आणि पंगत असली की आई चुलीपुढे असे. त्या कॅमेऱ्यानं काढलेले धबधब्यांचे, काकांच्या बैलजोडीचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो माझ्याकडे अजून आहेत. बाळूच्या बारशाच्या फोटोत पाळणा आहे, सगळ्या बाया आहेत, आणि मागच्या दारातून धूर आलेला दिसतो. त्या धुरामागं आई होती. बारशाला साठ्यातली शेवटची फिल्म संपली आणि त्या मापाची फिल्म पुन्हा आली नाही.

आई गेल्यावर घरात काही थांबलं नाही. सकाळी जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा होई, त्याच्या आधी आत्याबाईंचं जातं सुरू होई. कापसाच्या गाड्या पेठेकडे जात, त्यांच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरून आत्याबाई किती वाजले ते सांगत. मी दळण, पाणी, बाळूचं न्हाणं, बाबांचा डबा आणि शाळा अशी सगळी कामं क्रमानं लावून घेतली होती आणि ती चुकत नव्हती. शेजारच्या बाया म्हणत, पोरगी मोठी खंबीर. मला रडू आलं नव्हतं, एवढंच खरं. जेवणात चव लागत नव्हती, पण मी जेवत होते. श्रावणात एकदा भाकर थापताना माझ्या ध्यानात आलं की आईचे हात मला आठवतात, परातीच्या काठावर आपटणाऱ्या बांगड्यांचा आवाज आठवतो, पण चेहरा आठवत नाही. मी भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि पुन्हा आठवून पाहिलं. आला नाही. मग पुढची भाकर थापायला घेतली.

बाबांचंही तसंच झालं असावं. ते एका रविवारी पेन्सिल आणि जाड कागद घेऊन बसले. दुसऱ्यांच्या पोरांना नाक कसं काढायचं, डोळ्यांत अंतर किती ठेवायचं हे शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. दिवस मावळेपर्यंत ते खोडत राहिले आणि शेवटी त्यांनी कागद घडी घालून चुलीजवळ ठेवला. “आक्का,” ते आत्याबाईंना म्हणाले, “पोराले पुढे आई दाखवाले काही तरी पायजे. वर्षश्राद्धाच्या आत.”

“गोदाले बसवा,” आत्याबाई म्हणाल्या. “दोघी बहिणी एका साच्यातल्या.”

हे खरं होतं. मावशी आईहून थोडी बारीक, पण कपाळ, भुवया आणि हनुवटी तीच. प्रश्न एवढाच होता की मावशी बालविधवा होती. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होत नसे. लग्नात तिला नीट बसताही येत नव्हतं म्हणतात, आणि नवरा गेला तेव्हा ती परकरात होती. तेव्हापासून ती अकोल्याला मामांच्या घरी. आई सवाष्ण गेलेली. तिच्या जागी बसायचं तर कपाळाला कुंकू लावायला हवं. म्हणून गावातल्या स्टुडिओत जाता येणार नव्हतं. विधवा बाई कुंकू लावून रस्त्यानं टांग्यात बसून निघाली असती तर आमचं घर वर्षभर लोकांच्या तोंडी राहिलं असतं. फोटो काढायचा तो घरात, दार लावून, आपल्याच कॅमेऱ्यानं. आणि आपल्या कॅमेऱ्याला फिल्म नव्हती.

नवरात्राच्या सुट्टीत बाबा मला आणि बाळूला घेऊन अकोल्याला मामांकडे गेले. बडनेऱ्याला गाडी बदलताना त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला होता, एखादं आजारी लेकरू घ्यावं तसा. अकोल्याच्या बाजारात घड्याळं आणि चष्मे विकणारा एक दुकानदार फिल्मही ठेवी. त्यानं कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून आतली रिकामी रिळं पाहिली आणि हसला. “मास्टरजी, ये माप तो कंपनीनंच बंद करून टाकलं. लढाईच्या आधीच. आता फिल्म आली तरी तुमच्या मापाची नाही येणार.”

“मग काय येतं?” मी विचारलं.

त्यानं एक कमी रुंदीचं रीळ काढून काउंटरवर ठेवलं. “हे येतं. पण तुमच्या डब्यात हे म्हणजे पोराच्या अंगात बापाचा कोट.”

मी ते रीळ हातात घेतलं आणि कॅमेऱ्यातल्या जागेशी लावून पाहिलं. दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी जागा उरत होती. ते विकत घेऊन आम्ही मामांच्या घरी आलो. मामींच्या शिवणाच्या डब्यात दोऱ्याची लाकडी रिकामी रिळं होती. ती मामांच्या करवतीनं चकत्या करून कापली, मध्ये भोक होतंच, आणि दोन्ही टोकांना डिंकानं बसवली. फिल्म वरखाली हलू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याची चौकट कापून आत लावली. रीळ बसलं, किल्ली फिरली. बाबा म्हणाले, “वा.” आई गेल्यापासून त्यांनी हा शब्द उच्चारला नव्हता. पण या फिल्मच्या कागदावरचे आकडे लहान फोटोंसाठी छापलेले, आणि आमचा फोटो लांबट. मागच्या लाल काचेत आकडा दिसेपर्यंत किल्ली फिरवायची, ही सवय बाबांना सोडवेना. धुऊन पाहिलं तर सगळे फोटो एकावर एक चढलेले. मामांच्या डोक्यातून बाळूचे पाय निघाले होते आणि मामींच्या पोटावर दत्ताचं देऊळ. मामा हसून हसून खोकले. मावशी हसली नाही. ती फिल्म पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहत राहिली.

त्याच मुक्कामात तिला विचारलं गेलं. ती स्वयंपाकघरात पाटवड्या कापत होती. दारात मामा, त्यांच्यामागं बाबा, आणि मी बाळूला कडेवर घेऊन.

मामा म्हणाले, “गोदे, भाऊजींच्या मनात हाय का तू ताईच्या जागी बसावं. फोटोपुरतं.”

“कुंकू लावा लागन?” मावशीनं वडीवरची नजर काढली नाही.

“लावा तर लागन. पण जबरदस्ती नाई. तुले जमत नशीन तर—”

“लावीन मी.” ती इतक्या चटकन म्हणाली की मामा पुढचं वाक्य विसरले. सुरी थाळीवर ठेवून तिनं हात पदराला पुसले. “कोणतं लुगडं?”

“तिचं हिरवं,” बाबा म्हणाले.

“थे लाल काठाचं?” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं माझ्याकडे वळून, हळूच: “तुमच्या घरी आरसा हाय ना वं, कुमू?”

आरसा होता. मामांच्या घरीही होता, पण तो पुरुषांच्या दाढीच्या उंचीला टांगलेला.

अमरावतीला परत आल्यावर बाबांनी आत्याबाईंना सांगितलं आणि तिथं काम अडलं. फोटो गोदाचा काढा हे त्यांनीच सुचवलं होतं, पण कुंकवाचं त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. त्यांच्या हिशेबी पदर जरा पुढे ओढला की भागणार होतं. आत्याबाई स्वतः कुंकू गेलेल्या. त्यांचं कपाळ मी कधी रंगलेलं पाहिलं नाही.

“कुंकू?” त्या म्हणाल्या. “तिच्या कपाळाले? वसंता, शाळेत पोरं शिकवतं ना तू?”

“दोन मिनिटाचं काम आहे, आक्का. दार लावून. कोण पाहते?”

“दोन मिन्टाचं का दोन वर्साचं, कुंकू थे कुंकू. मंग मी काय येडी होती, जल्मभर कोरं कपाळ घेऊन बसली थे? मले कोणी आलं का सांगाले, बाई, दोन मिन्टं तूबी लाव म्हून?”

कढीत गोळे सोडलेले होते, ते ढवळायला मी चुलीकडे गेले. त्या रात्री सगळे जेवले. गोळे आतून कच्चे राहिले होते, ते कोणी बोललं नाही.

फिल्मचा प्रश्न मामांनी सोडवला. ते अकोल्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. छातीचे फोटो काढायच्या मोठ्या फिल्मचा एक डबा पावसाळ्यात सादळला म्हणून टाकायला निघाला होता. डॉक्टरांना विचारून त्यांनी तो उचलला, आणि धुवायच्या औषधांसकट दिवाळीच्या फराळाबरोबर आमच्याकडे पाठवला. सोबत निरोप होता की ही फिल्म लाल उजेडात उघडली तरी चालते, तिला काही होत नाही.

आमच्या घरात ज्वारीच्या कोठीची एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. मी दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, कंदिलाच्या काचेला पतंगाचा लाल कागद दुहेरी गुंडाळला, आणि त्या उजेडात कापडाच्या कात्रीनं ती फिल्म पोस्टकार्डाच्या मापात कापली. तिला दोन्ही बाजूंनी लेप असतो, म्हणून खाली ठेवली की ओरखडा उठतो. पहिले चार-दोन तुकडे वाया गेल्यावर मी धुतलेल्या काचेवर कापायला शिकले. रीळ, किल्ली, आकडे यांचं कामच उरलं नाही. एक तुकडा पुठ्ठ्याच्या चौकटीत खोचायचा, कॅमेऱ्याच्या पाठीत बसवायचा, झाकण लावायचं, बाहेर नेऊन एक फोटो काढायचा, आणि कॅमेरा पुन्हा कोठीत आणून तुकडा बदलायचा. माझी नातवंडं आता बोट लावलं की शंभर फोटो काढतात. मला त्यांचं काही वाईट वाटत नाही, हेवाही वाटत नाही. काम वेगळं आहे, एवढंच.

पहिली परीक्षा म्हणून मागच्या अंगणात बाळूला खाटेवर बसवला. खाटेवर आत्याबाईंनी सादळलेल्या लाल मिरच्या उन्हात पसरल्या होत्या. बाळूच्या हाताला तिखट लागू नये म्हणून एका कोपऱ्यात गोणपाट टाकलं. बाबांनी झडप उघडून बंद केली. पितळी ताटात औषध बिघडतं हे एकदा कळलं होतं, म्हणून फिल्म चिनी मातीच्या बशीत धुतली, आणि बाबांच्या जुन्या साठ्यातल्या कागदावर उन्हात छापली. फोटो नीट आला. बाळूचा एकेक केस वेगळा दिसत होता.

आत्याबाईंनी तो डोळ्यांजवळ नेला. “अवं, मिरच्या जाळल्या काय वं फोटोत? कोळसा दिसून राहिल्या.”

“नाई आत्याबाई. या फिलमले लाल दिसतच नाई. म्हून तर लाल कंदील चालते. लाल हाय तिथं तिले अंधारच दिसते.”

“मंग कुंकूबी काळंच दिसन?”

“काळंच.”

मी मिरच्यांकडे पाहत होते. मला उपाय सुचला तो असा, सरळ, हिशेबातून. “मंग कुंकू लावाचं कामच काय?” मी म्हटलं. “बुक्का लावा. फोटोत दोन्ही सारखंच दिसन.” बुक्का लावायला आत्याबाईंची हरकत असायचं कारण नव्हतं, त्या स्वतः एकादशीला लावत. गळ्यातल्या पोतीचं मी पुढं सांगितलं की पदर असा गळ्याशी घ्यायचा, म्हणजे पोत आहे की नाही कळणार नाही. हात पदराखाली ठेवायचे, म्हणजे बांगड्यांचा प्रश्न नाही. आत्याबाईंनी मला जवळ ओढलं आणि माझं डोकं आपल्या छातीशी धरलं. आई गेल्यापासून मला कोणी जवळ घेतलं ते तेवढंच. त्यांच्या लुगड्याला मिरच्यांचा खकाणा होता आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यानं.

बाबांनी अकोल्याला कळवलं. बाबा खूश, आत्याबाई खूश, मामांनी उलट निरोप धाडला की कुमूच्या डोक्याले मानलं. मावशीचा निरोप आला नाही. ती आली.

आता त्या दुपारकडे येते. मागच्या अंगणात पांढरी भिंत होती, तिच्यापुढे पाट ठेवला. आईचं हिरवं लुगडं मी पेटीतून काढून आधी उन्हात टाकलं होतं, कारण त्याला डांबरगोळ्यांचा वास होता. मावशी ते नेसून न्हाणीच्या दारातून बाहेर आली तेव्हा बाळू तिच्याकडे धावला, पण तो तिच्याकडे एरवीही धावत असे. मामांनी उजेड चेहऱ्यावर परतावा म्हणून धुतलेली चादर दोन हातांत ताणून धरली होती आणि पहिल्यापासून कुरकुर चालवली होती की दंड भरून आले. आत्याबाईंनी देवाजवळच्या वाटीत बोट बुडवलं आणि मावशीच्या कपाळावर बुक्क्याचा गोल टिळा काढला. हात सफाईचा होता. मावशी डोळे मिटून बसली होती.

“मान सरळ,” बाबा म्हणाले. “हलू नका, गोदाबाई. मी म्हणेपर्यंत.”

“नाई हलत.”

पहिला फोटो झाला. मी कॅमेरा घेऊन कोठीत गेले, तुकडा बदलला. एकच फोटो काढून थांबायचं नाही असं आमचं ठरलं होतं. एखादा हललेला निघतो. लाल उजेडात झापड आल्यासारखं होई, आणि बाहेर आलं की ऊन डोळ्यांत घुसे, त्यामुळे मला पहिल्यांदा काही दिसलं नाही. बाबांच्या हाती कॅमेरा दिला आणि मग पाहिलं. मावशीचं कपाळ ओलं होतं. बुक्का पुसलेला होता. त्या जागी कुंकू होतं, ठसठशीत, कडेला थोडं ओघळलेलं. माझा रोजचा करंडा तिच्या शेजारी पाटावर उघडा होता, आणि कोनाड्यातला आरसा तिच्या मांडीवर.

मामांनी चादर खाली केली. आत्याबाई तुळशीच्या ओट्याजवळ उभ्या होत्या.

“पूस थे,” त्या म्हणाल्या.

“काहून?”

“काहून म्हंजे? बुक्का ठरला होता ना?”

“फिलमले दोन्ही सारखंच, असं कुमूच म्हंते.” मावशीचा आवाज चढला नव्हता. “मंग तुमालेच काहून फरक पडून राहिला, बाई?”

“गोदे, लोकाच्या घरी येऊन काहून वाद घालतं?” मामा म्हणाले.

“वाद कुठं घालून राहिली मी. फोटो काढा म्हंतो.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाटावरच्या करंड्याकडे पाहिलं. बाबा कॅमेऱ्याच्या वरच्या नखाएवढ्या काचेत डोकं घालून उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, नुसती मान दिसली. बाहेर रस्त्यावरून एक बोरंवाली ओरडत गेली. कोणी तरी आमच्या दाराची कडी हलवून पाहिली आणि निघून गेलं. मग आत्याबाई ओट्यापासून पुढे आल्या. मला वाटलं पुसतात. त्यांनी मावशीच्या डोक्यावरचा घसरलेला पदर नीट केला, मांडीवरचा आरसा उचलून घेतला, करंड्याला झाकण लावलं आणि बाजूला झाल्या.

“घ्या मंग,” त्या बाबांना म्हणाल्या. “ऊन चाललं.”

दुसरा फोटो झाला. मामांचे दंड थरथरत होते म्हणून चादरीचा उजेड हलला असेल, पण मावशी हलली नाही. तिनं डोळ्यांची पापणीही हलवली नसावी.

त्यानंतर तिनं कुंकू पुसलं नाही. आम्ही जेवायला बसलो. वांग्याचं भरीत, ज्वारीच्या भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी आणि संत्री. वाढत आत्याबाई होत्या. त्यांनी मावशीला सगळ्यांसारखं वाढलं, दुसऱ्यांदा भाकर हवी का तेही विचारलं. कपाळाकडे पाहिलं नाही. मामा बाजारभाव बोलत होते, कापसाचे, मग सरकीचे, मग पुन्हा कापसाचे. बाळू मावशीच्या मांडीवर होता. त्यानं तिच्या कपाळाला बोट लावलं आणि ते लाल झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. आत्याबाईंनी ओल्या फडक्यानं ते पुसून घेतलं. जेवणानंतर मावशी भिंतीला टेकून बसली आणि बाळू तिच्या मांडीवर झोपला. दुपार तशीच गेली. दिवेलागणीला दार उघडायची वेळ झाली, तेव्हा तिनं बाळूला माझ्याकडे दिलं, न्हाणीच्या दगडावर जाऊन तोंड धुतलं, पांढरं लुगडं नेसली आणि हिरव्याची घडी घालून माझ्या हातात दिली. मी ती पेटीत ठेवली. दार आत्याबाईंनी उघडलं.

दुसऱ्या दिवशी फोटो धुतले, छापले. दोन्ही स्वच्छ आले. कपाळावरचा टिळा दोन्हींत सारखाच काळा. मला तर फरक सांगता आला नाही. चेहऱ्यात फरक होता. पहिल्यात एक बाई काम आटोपायची वाट पाहत बसली आहे. दुसऱ्यात ती समोर पाहते आहे. आईसारखी कोणत्यात जास्त दिसते हे ठरवायला बाबांनी मला बोलावलं. मी दोन्ही पाहिले. मला आईचा चेहरा आठवत नव्हता हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनाही आठवत नसावा. आत्याबाईंनी विचारलं, “यातला बुक्क्याचा कोणता?” मी दाखवला. तो चौकटीत बसला. दुसऱ्याची फिल्म मी कागदात गुंडाळून माझ्या पेटीत ठेवली. अकोल्याला एखादी प्रत पाठवावी असं कोणाच्या मनात आलं नाही, आणि मावशीनं मागितली नाही.

बाबांनी फोटो भिंतीवर लावला, खाली सुबक अक्षरांत आईचं नाव लिहिलं आणि बाळूला उचलून समोर धरला.

“मावशी,” बाळू म्हणाला.

“आई,” बाबा म्हणाले.

“मावशी.”

“आई हाय थे, बाळू. म्हण, आई.”

रोज सकाळी हे चाले. पौषात वर्षश्राद्ध झालं तोपर्यंत तो शिकला होता. त्याला समोर उभं केलं की हात जोडून म्हणे, आई. त्यानंतर पुष्कळ वर्षं मावशी सुट्ट्यांत येत-जात राहिली. तिच्या डोक्यावर पांढरा पदर, भिंतीवरचीच्या गडद. बाळूनं पुन्हा कधी दोघींची गल्लत केली नाही. मीही त्या फोटोकडे पाहून आईला आठवायला शिकले, आणि आता आई म्हटलं की मला तोच चेहरा दिसतो.

मावशी अकोल्यालाच गेली, म्हातारी होऊन. बाबा, आत्याबाई, मामा तिच्या आधी. गेल्या महिन्यात मामांच्या नातवाचा फोन आला. त्यानं नवीन घर बांधलं आहे आणि बैठकीत घरातल्या सगळ्या गेलेल्या माणसांचे फोटो एका रांगेत लावणार आहे. “आत्या, आमच्या गोदाआजीचा एकबी फोटो नाई वं कुठं. तिनंच वाढवलं आमच्या बाबाले. तुमच्याकडे असन काय?” मी म्हटलं, आहे. फिल्म पेटीतून काढली. पाठीमागून थोडी पिवळी पडली आहे, पण चेहऱ्याला काही झालेलं नाही. इथल्या दोन दुकानांत नेली. दोघांनीही हे माप आमच्या यंत्रात बसत नाही म्हणून परत दिली. तेव्हा घरी येऊन काळ्या पुठ्ठ्याची चौकट कापली, तीत फिल्म बसवली आणि तिसऱ्या दुकानातल्या मुलाला समोर उभं राहून कशी धरायची ते दाखवलं. फोटो चांगला आला. मागं पेननं तिचं पूर्ण नाव लिहिलं. पुठ्ठा लावून पाकीट बंद केलं, त्यावर अकोल्याचा पत्ता घातला.

बाळू नागपूरला असतो. बँकेतून निवृत्त झाला, आता सत्तरीला टेकला आहे. घरातून निघताना तो अजून भिंतीवरच्या फोटोला हात जोडून निघतो, आणि मामांच्या घरचं लग्नकार्य तो चुकवत नाही. माघात अकोल्याला लग्न आहे. तिथं बैठकीत तोच चेहरा, तेच लुगडं, गोदाआजी म्हणून त्याच्यासमोर येईल. पाकीट टाकण्याआधी त्याला सांगायला हवं. फोनवर सांगावं की जाऊन, हे ठरत नाही. बाकीचं सगळं झालं आहे. हे तेवढं राहिलं आहे.